आंजेलो द फोन्सेका : देवमातेस लुगडे नेसविणारा चित्रकार

महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर संताचे चरित्र द्यावे, अशी आपल्या धर्मग्रामांतून जुनी वहिवाट आहे. यंदा आम्ही तिला थोडा फाटा देत आहो. ज्या गृहस्थांचे चरित्र पुढे सांगावयाचे योजिले आहे, ते धर्मगुरू नव्हते, मठवासी नव्हते, की धर्मप्रचारकही नव्हते. ते एक प्रापंचिक कॅथलिक चितारी होते. गोव्यात जन्मले, पुण्यात राहिले आणि पुण्यातच देवाघरी गेले. संतमंडळ सोडून हा चितारी आम्हांस का आठवला, ह्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

ता. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी ह्या दोन्ही नद्यांनी महाड शहर कसे बुडविले, हे येथील कोणासही नव्याने सांगावयास नको. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले. त्या दुःखापुढे आपल्या मंदिराचे नुकसान म्हणजे काहीच नव्हे; म्हणून त्याचा उच्चार आम्ही आजवर फारसा केला नाही. परंतु चिखल उपसून झाल्यावर पाहतो तो क्रूसाच्या वाटेची चौदाही चित्रे भिजून फुगलेली, आणि वेदीच्या दोन्ही अंगांच्या खिडक्यांची तावदाने फुटलेली. ती तावदाने साधी होती. पुढे महोत्सव जवळ आला, तेव्हा मंडळीने ठरविले की, तेथे रंगीत काचांची, पवित्र शास्त्रातील प्रसंग दाखविणारी चित्रे बसवावी. एका व्यापाऱ्याकडून नमुन्यांचे पुस्तक आले. त्याच्या पानापानांवर गोरीपान, पिंगट केसांची, निळ्या डोळ्यांची पवित्र कुटुंबे होती. सर्वांस ती आवडली. आम्हांसही आवडली, हे कबूल केलेले बरे.

मग एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांस देवमातेचे चित्र काढावयास सांगितले. कातकरी वाडीवरच्या एका मुलीने मोठ्या मेहनतीने चित्र काढले, आणि केसांस पिवळा रंग दिला. तिची आई, आजी, शेजारणी, साऱ्यांचे केस काळे. आम्ही तिला कारण विचारले. तिने काही न बोलता भिंतीवरील तसबिरीकडे बोट केले. तिचे चुकले असे म्हणावयास आम्हांस तोंड नव्हते. जे आम्ही भिंतीवर टांगले, तेच तिने कागदावर उतरविले. त्या रात्री आम्हांस गुरुविद्यालयातील दिवस आठवले. तेथे जिन्याच्या वळणावर एक लहानशी तसबीर होती. भुईवर बसलेली, डोईवरून पदर घेतलेली मरियामाता, आणि मांडीवर बाळ. इतक्या वर्षांत त्या जिन्यावरून हजारो वेळा गेलो, पण थांबून तिच्याकडे दहा वेळा तरी पाहिले असेल की नाही, शंका आहे. ती तसबीर आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्राची होती.

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली तिसवाडीतील सांत इस्तेव्ह ह्या गावी झाला. ह्या गावास जुवे असेही म्हणतात. गाव म्हणजे एक बेटच. चोहोंकडे नदीचे व खाडीचे पाणी, मध्ये भाताची खाजणे व भाजीचे मळे. तेथील भेंडी साऱ्या गोव्यात प्रसिद्ध आहे. फोन्सेका घराणे जमीनजुमला असलेले, कॅथलिक, प्रतिष्ठित. अशा घरांत त्या काळी जेवणाच्या मेजावर पोर्तुगीज व स्वयंपाकघरात कोकणी बोलली जात असे. भिंतीवर लिस्बनहून अथवा रोमेहून आलेल्या तसबिरी असत. खिडक्यांस मात्र काच नसे. गोव्यातील जुन्या घरांस व देवळांस पातळ शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून दुधासारखा निवळ, मऊ उजेड आत येतो. भर उन्हाळ्यातही तो डोळ्यांस खुपत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांस फोन्सेका यांच्या चित्रांतील उजेड ओळखीचा वाटेल.

शिक्षणासाठी मुलाला ब्रिटिश मुलखात, बेळगावास व पुण्यास धाडण्यात आले. पुढे मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात तो दाखल झाला. डॉक्टर होणे ही गोव्याच्या सुखवस्तू कुटुंबांतील मळलेली वाट होती. आंजेलो यांनी ती अर्ध्यावर सोडली आणि सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथेही त्यांचे मन रमेना. त्या शाळेत शिकवण्याची पद्धत विलायतेची, आणि विद्यार्थ्याने आपला हात त्या वळणास लावावा अशी अपेक्षा. डॉक्टरी सोडली ती चित्रकलेसाठी, आणि ही शाळा सोडली तीही चित्रकलेसाठीच; घरच्या मंडळींस हे सांगताना त्या तरुणाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना आईबापांस आम्ही करून देण्याचे कारण नाही.

ते बंगालात गेले. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे शिष्य नंदलाल बोस यांनी चित्रकलेची एक नवी शाखा रुजविली होती. अवनींद्रनाथ हे कवी रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांनी १९०५ साली, बंगालच्या फाळणीच्या धामधुमीत, भारतमातेचे चित्र भगव्या वस्त्रांतील एका शांत स्त्रीच्या रूपाने काढले होते. नंदलाल बोस शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख होते. ह्या मंडळीने अजिंठ्याच्या भिंती, मोगलांची व राजपुतांची लहान चित्रे, चिनी-जपानी कुंचला, ह्या सर्वांपासून घेण्याजोगे घेतले व तैलरंगांचा चकचकीतपणा टाकला. त्यांची एक रीत अशी होती की, जलरंगाचा हात दिल्यावर कागद पाण्यात बुडवावयाचा, वाळवावयाचा, पुन्हा रंग द्यावयाचा, पुन्हा बुडवावयाचा. असे अनेक वेळा केले म्हणजे रंग कागदाच्या अंगात मुरतो, आणि वरून लावल्यासारखा न दिसता आतून उमटल्यासारखा दिसतो. ही रीत फोन्सेका यांनी आत्मसात केली. परंतु त्यांचे सहाध्यायी रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवीत असता, ह्या कॅथलिक तरुणाच्या मनात बेथलेहेम होते.

१९३० च्या सुमारास ते गोव्यास परतले आणि आपले काम मांडून बसले. देवमातेची चित्रे काढली. ती लुगडे नेसलेली, अनवाणी, गव्हाळ वर्णाची, गोव्याच्या कोणत्याही वाड्यावर दिसावी अशी. पाहणाऱ्यांस आनंद व्हावा ही त्यांची अपेक्षा, झाले उलटेच. धर्माधिकाऱ्यांपैकी पुष्कळांस हा अपमान वाटला, सरकारी अंमलदारांस त्यात राजकारणाचा वास आला. हिंदुस्थानात कायदेभंगाची चळवळ चालू होती. तशा दिवसांत मरियेच्या अंगावरील देशी वस्त्रसुद्धा पोर्तुगीज सरकारास निरुपद्रवी वाटले नसावे. ज्या गावात जन्मलो त्या मुलखात आपल्या चित्रास जागा नाही, हे आंजेलो यांस कळून चुकले, आणि त्यांनी गोवा सोडला.

आम्ही स्वतः धर्मगुरू आहो, म्हणून ह्या प्रकरणावरून नुसते पुढे सरकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्या काळच्या गोव्यातील धर्माधिकारी सारेच दुष्ट होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या भीतीस इतिहास होता. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी धोतर-चोळी वापरू नये, लग्नात अमुक गीते गाऊ नयेत, अमुक पाने-फुले वाटू नयेत, अशी मनाई होती. १८१२ साली ते न्यायपीठ कायमचे बंद झाले. पण पिढ्यानपिढ्या मनावर जे बिंबले ते एका हुकुमाने थोडेच पुसले जाते? लुगडे म्हणजे हिंदू, झगा म्हणजे ख्रिस्ती, अशी खूणगाठ बसली होती. त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती बोलून दाखविणे अवघड आहे. गोव्यातील वरच्या थरातील स्त्रियांनी विलायती पोशाख घेतला होता. लुगडे उरले ते शेतात राबणाऱ्या व मासळी विकणाऱ्या कॅथलिक बायांच्या अंगावर. तेव्हा मरियेस लुगडे नेसविणे म्हणजे तिला त्यांच्या पंक्तीस बसविणे झाले. राग आला तो धर्म बुडेल म्हणून आला, की आपला मान बुडेल म्हणून आला, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

मौज अशी की, ज्या गोव्याने त्यांस परके ठरविले, त्याच गोव्यातील कारागीर तीन शतकांपूर्वी तेच काम मुकाट्याने करीत होते. सतराव्या शतकात तेथे हस्तिदंताच्या ज्या मूर्ती घडविल्या जात, त्यांत मेंढपाळरूपी बाळ येशू डोळे मिटून, गालास हात लावून असा बसला आहे की, पाहणाऱ्यास ध्यानस्थ बुद्धाची आठवण व्हावी. आणि रायतूरच्या येशूसंघीय विद्यालयात १६१६ साली जो ग्रंथ छापून निघाला, त्या आपल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी साऱ्या शास्त्रकथेस मराठी ओवीचा वेष दिला. शब्दांनी जे केले ते वंदनीय, आणि रंगांनी केले ते निंद्य, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही.

असो. फोन्सेका पुण्यास आले, आणि त्यांस आसरा मिळाला तो कॅथलिक मठात नव्हे, तर शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. हा आश्रम अँग्लिकन पंथाचा. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्रीसाहेबांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, त्यातून तो उगवला. विन्स्लोसाहेबांवर आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या विचारांची गाढ छाप होती. त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. गोरे व देशी बांधव एकत्र राहतात, खादी वापरतात, भुईवर बसून जेवतात, भजन देशी चालीवर म्हणतात, असे ते स्थान होते. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले ते प्रथम ह्याच संघात. अशा ठिकाणी भारतीय मरिया काढणाऱ्या चिताऱ्यास परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते.

येथे तरुण वाचकांसाठी एक खुलासा. आज आपण नाताळात शेजारच्या इतर पंथीय मंडळींबरोबर गीते गातो. त्या काळी कॅथलिकाने इतर पंथाच्या उपासनेत भाग घेण्यास १९१७ च्या धर्मसंहितेने बंदी होती. फोन्सेका आश्रमाच्या आवारात राहिले, अनेक वर्षे तेथेच काम केले, आणि तरी अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले. आपल्यांनी दूर लोटले म्हणून त्यांनी धर्मसभेकडे पाठ फिरविली नाही. मनुष्य रागावून दार आपटून निघून जातो, असे आम्ही किती वेळा पाहिले आहे! ह्यांनी दार आपटले नाही. दाराबाहेर बसून घरच्यांचीच चित्रे काढीत राहिले.

त्यांच्या बाजूने उभे राहणारे कॅथलिकही होते. त्यांत मुख्य फादर हेन्री हेरास. हे स्पेनदेशीय येशूसंघीय १८८८ साली जन्मले, १९२२ साली मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकविण्यास आले, आणि १९२६ साली त्यांनी तेथे भारतीय इतिहास संशोधनाची संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सिंधू खोऱ्यातील मुद्रांचा ज्यांस ध्यास, त्यांस ख्रिस्ती कला भारतीय का नसावी हा प्रश्न पडणे साहजिकच होते. त्यांनी फोन्सेका यांस धीर दिला, त्यांच्या कलेचा पुरस्कार केला. मुंबईत आंजेला त्रिंदाद ह्या चित्रकर्तीही त्याच वाटेने चालल्या होत्या, जे. जे. शाळेतील नामांकित चित्रकार आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांच्या त्या कन्या.

रोमेचे म्हणणे काय होते, हेही पाहिले पाहिजे. पोप बेनेदिक्त पंधरावे यांनी १९१९ सालच्या आपल्या पत्रात मिशनरींस बजाविले होते की, तुम्ही स्वदेशाचे राज्य वाढविण्यास गेलेले नाही. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून १९२२ साली गेलेले चेल्सो कोस्तान्तीनी यांनी तेथील चित्रकारांस चिनी कुंचल्याने ख्रिस्तजन्म रंगविण्यास उत्तेजन दिले. त्यांतील चेन युआन्दू यांनी तर चित्रे काढता काढता १९३२ साली बाप्तिस्मा घेतला व लूक हे नाव धारण केले. म्हणजे रोमेत दार उघडत होते आणि गोव्यात लावले जात होते. हुकूम वरून निघतो खरा, पण खाली पोहोचावयास त्याला कधी कधी पिढी लागते.

पुण्यातील तीन-साडेतीन दशके हाच त्यांच्या कामाचा खरा काळ. देवदूताचा निरोप, प्रभुजन्म, शेवटचे भोजन, क्रूसावरील मरण, मातेच्या मांडीवरील प्रभूचे शव, हे सारे प्रसंग त्यांनी रंगविले. पण पुन्हा पुन्हा परत आले ते मरिया व बाळ ह्यांच्याकडे. त्यांची मरिया सिंहासनावर क्वचितच बसते. ती घरात असते, भुईवर असते. तिच्या आसपास दिवा, कमळ, मातीचे भांडे अशा साध्या वस्तू. चेहऱ्यावर नाटकी भाव नाही, डोळे खाली. शेवटच्या भोजनास शिष्य मांडी घालून बसतात, मेज नाही, खुर्च्या नाहीत. प्रथम पाहणारास वाटते, चित्रात काही घडतच नाही. आमच्या मते त्यांचे काही काम अतिगोड आहे, आणि एकाच धर्तीचे चेहरे पुष्कळ दिसतात. पण जेथे साधले आहे तेथे असे साधले आहे की, जपमाळेच्या पहिल्या रहस्याचे ध्यान करिताना तेच चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते, रोमेतील मोठमोठी चित्रे येत नाहीत.

१९५१ साली, जवळजवळ पन्नाशीस पोहोचल्यावर, त्यांनी आयव्ही मिनेझिस ह्यांच्याशी विवाह केला. त्यांस एक कन्या झाली. त्यानंतरच्या मरियेच्या चित्रांत आयव्हीबाईंच्या चेहऱ्याची छाया आहे. धनिकाच्या घरात जन्मून चिताऱ्याचा संसार त्यांनी पत्करला होता. कीर्ती फार दूर गेली नाही, आणि गेली तेथेही ती आपल्या लोकांपेक्षा परक्यांतच अधिक राहिली.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा स्वतंत्र झाला. ता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला व त्यात स्पष्ट नमूद केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, आणि सर्व लोकांच्या कलेस तिच्या मंदिरांत मोकळीक असावी. ज्याबद्दल आंजेलो यांस तीस वर्षांपूर्वी गाव सोडावे लागले, ते आता महासभेचे वचन झाले. त्यानंतर ते चारच वर्षे जगले. ता. २८ डिसेंबर १९६७ रोजी, बेथलेहेमच्या निष्पाप बालहुतात्म्यांच्या सणाच्या दिवशी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे आयव्हीबाईंनी ती चित्रे अनेक वर्षे जिवापाड सांभाळली, आणि पुढे त्यांतील मोठा संग्रह पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिला. म्हणजे चित्रकार गोव्याबाहेर गेला, आणि चित्रे अखेर गोव्यास परत आली.

आता पुन्हा आपल्या खिडक्यांकडे वळू. रंगीत काचचित्र ही मूळची उत्तरेकडील थंड देशांची विद्या. तेथे सूर्य मंद. म्हणून त्याचा जो थोडा उजेड मिळतो तो रंगवून आत घेण्याची त्यांची हौस. काच वितळत असतानाच तीत धातूंचे क्षार मिसळतात; कोबाल्टने निळी होते, तांब्याने व सोन्याने तांबडी, आणि भाजलेल्या काचेवर चांदीचा लेप देऊन भट्टीत घातले म्हणजे पिवळी छटा येते. मग तुकडे कापून शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवितात व सांधे डाकतात. चेहऱ्याच्या व वस्त्रांच्या रेघा गडद रंगाने काढून त्याही भट्टीत भाजतात. मुंबईस कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ साली अर्पिले गेले. तेथील काचा विल्यम वेल्स ह्या इंग्रज कारागिराच्या आहेत व पाहण्यासारख्या आहेत. परंतु ही विद्या जुन्या पुस्तकांत गाडलेली नाही. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ, एके काळी कोळशाच्या खाणींचा, स्वतःची वेगळी भाषा सांभाळणारा लहान मुलूख आहे. तेथील स्वान्सी शहराच्या कलाशाळेत १९३५ पासून काचचित्रांचे शिक्षण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या जानेवारीत, लँडाफचे कॅथेड्रल बाँबने उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभारल्यावर वेदीवरच्या खिडकीत जॉन पायपर यांनी योजिलेले एम्माउस येथील भोजनाचे चित्र आले.

पण वेल्समधील सर्वांत नावाजलेली खिडकी वेल्समध्ये नाहीच. ती अमेरिकेत, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी आहे. तेथील काळ्या लोकांच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट मंदिरात ता. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, वंशद्वेष्ट्यांनी स्फोट केला. चार मुली मेल्या. एक रंगीत खिडकी टिकून राहिली, मात्र तीत प्रभूचा चेहरा तेवढा उडून गेला होता. ही वार्ता वेल्समध्ये राहणाऱ्या जॉन पेट्स ह्या काचचित्रकाराने ऐकली, आणि त्या मंदिरास नवी खिडकी करून देण्याची तयारी दाखविली. तेथील वेस्टर्न मेल ह्या वर्तमानपत्राने वर्गणी सुरू केली. कोणाकडूनही अर्ध्या क्राउनहून अधिक घ्यावयाचे नाही, असा नियम ठेविला. हेतू हा की, एखाद्या धनिकाची देणगी न होता ती साऱ्या मुलखाची व्हावी. शाळकरी मुलांनीही नाणी टाकली. १९६५ साली खिडकी बसली. तीत हात पसरलेला ख्रिस्त आहे, आणि तो काळा आहे. एक हात अन्याय थोपवितो, दुसरा क्षमा देतो.

पेट्स यांस फोन्सेका ठाऊक असण्याचे कारण नाही, फोन्सेका यांस पेट्सही ठाऊक नसावेत. एक गोरा मनुष्य दुसऱ्यांच्या दुःखासाठी त्यांच्या वर्णाचा ख्रिस्त काढतो, त्यास साऱ्या मुलखाची वर्गणी मिळते. एक गोमंतकीय स्वतःच्या लोकांसाठी त्यांच्याच वर्णाची मरिया काढतो, त्यास गाव सोडावा लागतो. दोन्ही गोष्टी एका पिढीत घडल्या.

हे सारे आम्ही खिडकी-मंडळीपुढे मांडले. सर्वांचे एकमत झाले असे नाही, आणि ते लपविण्याचेही कारण नाही. आपल्यातील एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, त्यांच्या मातोश्रींनी त्याच परदेशी तसबिरीपुढे गुडघे टेकून सात मुले वाढविली, दोन पुरली. त्या चेहऱ्यास आता खोटे म्हणावयाचे काय? ह्यावर आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. ती तसबीर पुरातून वाचली आहे. ती जेथे आहे तेथेच राहील, तिला कोणी हात लावणार नाही, एवढे वचन आम्ही दिले. चाकरीनिमित्त येथे आलेल्या मंगळूर व गोव्याकडील कुटुंबांनी फोन्सेका यांचे नाव उचलून धरले; वाडीवरच्या मंडळींनी मात्र चित्रापेक्षा खिडकी पावसात गळणार तर नाही ना, एवढेच विचारले. तोही प्रश्न रास्त आहे. महाडच्या पावसात शिशाचे सांधे किती टिकतील, ह्याचा तपास चालू आहे.

एका खिडकीचा विषय ठरला आहे : विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागणारा प्रभू. ज्या गावी ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले, तेथे हा प्रसंग लोकांस समजावून सांगावा लागणार नाही. दुसरी खिडकी प्रभुजन्माची. नमुन्यांचे पुस्तक परत केले आहे. चित्रे कोणी काढावी हे अजून ठरावयाचे आहे; कातकरी मुलीचे ते पिवळ्या केसांचे चित्र आम्ही साक्रिस्तीत जपून ठेविले आहे, आणि नवे चित्र तयार होताच ते प्रथम तिलाच दाखवावयाचे आहे.

आणखी एक सूचना. आपल्या महाड-पोलादपूरवरून जाणारा महामार्ग सरळ कोकणातून गोव्यात उतरतो आणि पणजीच्या अलीकडे पर्वरीवरूनच जातो. दरवर्षी डिसेंबरात आपल्यातील पुष्कळ कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणास त्या वाटेने जातात. त्यांनी पर्वरीस उतरून झेवियर केंद्रात ही चित्रे पाहून यावी. जाण्याआधी आठ दिवस आम्हांस कळविल्यास आम्ही तेथील फादरांस पत्र लिहून ठेवू.